बाळ ‘लाईटखाली’ ठेवलंय म्हणजे नक्की काय?

गंगापूर रोडवर कुठल्याही सोसायटीत सकाळी फिरा, एखादी आजी बाल्कनीत तान्ह्याला कोवळं ऊन देताना दिसेलच. ‘ऊन दिलं की कावीळ उतरते.’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. ते अर्धं कुठे संपतं, ते आज बघू.

1956 मध्ये इंग्लंडच्या रॉचफर्ड हॉस्पिटलात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. अंगाचा पिवळेपणा उतरलेला, फक्त चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोण तेवढा पिवळा! मग खिडकीत राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातही बिलिरुबिन कमी निघालं. डॉ. क्रेमर यांनी निळ्या ट्यूब लावून पाहिल्या आणि 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पेपर आला.

निळंच का? बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. ते विरघळवायचं काम लिव्हरचं, आणि नवजात बाळाचं लिव्हर अजून सावकाश चालतं. साधारण 460 नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्या रेणूचा आकारच बदलतो. मग लिव्हरने विरघळवण्याची वाट न बघताच तो शी-शूमधून बाहेर पडतो. यात अल्ट्राव्हायोलेट लागत नाही.

आता आमच्या क्षेत्रातली गोष्ट. जुन्या ट्यूब डोळ्यांना झकास पेटलेल्या दिसायच्या, पण त्यांचा उपयोगी निळा प्रकाश आधीच घटलेला असायचा. एलईडी कितीतरी जास्त टिकतो, तापतो कमी, त्यामुळे बाळाच्या जवळ आणता येतो. (निळ्या एलईडीला 2014 चं नोबेल मिळालं, ते उगाच नाही!) तरीही डोस मीटरनेच मोजायचा. कावीळ जास्त असेल तर चौरस सेंटीमीटरला, प्रत्येक नॅनोमीटरमागे, किमान 30 मायक्रोवॅट लागतात. बाळाचे फक्त डोळे आणि लंगोट झाकलेले, बाकी अंग उघडं. दूध चालूच.

म्हणून ऑनलाईन निळी एलईडी पट्टी मागवून घरी जुगाड करायचा विचार डोक्यात आला असेल, तर काढून टाका. बाल्कनीतल्या उन्हाचाही डोस कुणी मोजत नाही, वर बाळ भाजतं किंवा गारठतं. काविळीची माळ तर सोडाच.

घाई का? कावीळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वाढते, आणि तोवर डिस्चार्ज होऊन बाळ घरी आलेलं असतं. बहुतेक बाळांची आपोआप उतरते. पण फार वाढली तर बिलिरुबिन मेंदूत शिरतं. मग ऐकू येणं जातं, हातापायांवरचा ताबा जातो, आणि ते परत येत नाही. पहिल्या 24 तासांतच बाळ पिवळं दिसलं, तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त पडून दूध ओढेना, तर सकाळच्या उन्हाची वाट बघू नका, रात्रीच निघा.

आणि एक. लाईटखालून काढलेलं बाळ गोरं दिसतं, कारण प्रकाश आधी कातडीवरच काम करतो. रक्तातला आकडा वेगळा असू शकतो, कधी पुन्हा चढतोही. डॉक्टरांनी परत तपासणीला बोलावलं असेल तर रंग बघून ती टाळू नका.