हरणांसाठी चारा पेरावा का?

हरभरा उगवला की काळविटांचे कळप शेतात उतरतात. बांधालगत हिरवा चारा पेरला तर ती तिथंच चरतील, असं काहीजण म्हणतात. तसं करू नका. चाऱ्याला चटावलेला कळप पुढं हरभऱ्यातच शिरतो.

त्यापेक्षा सप्टेंबरअखेर, जमिनीत ओल असताना, शेताच्या चारी कडांनी काटेरी करडईच्या चार-सहा ओळी पेरा. पीक वाढलं की काट्यांचं कुंपण होतं, वर तेलबिया मिळतात. मात्र कोवळ्या करडईला काटे नसतात. तोवर राखण हवीच.

कुंपणात लाइनची वीज कधीही सोडू नका. घरचं माणूस, बैलसुद्धा दगावतो. काळवीट मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. नुकसान झालंच, तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडं अर्ज द्या आणि पंचनामा करून घ्या.