हात मागे बांधून
(सोलापुरात तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला ‘डिजिटल साक्षरता’ या विषयावर बोला असं सांगितलंय. शब्द भारी आहे. मी माझ्या घरातल्या दोन साध्या शब्दांपासून सुरुवात करतो : ‘दे इकडे.’

माझी अम्मी इथेच, नई जिंदगीत राहते. तिनं जवळजवळ चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि रोज हजाराचा हिशोब. त्या विड्यांवर मी इंजिनिअर झालो. आता पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो, सॉफ्टवेअर लिहितो, शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून घरी येतो. घरी आलो की अम्मी फोन पुढे करायची. हा मेसेज कसला बघ, ते बँकेचं बघ. मी म्हणायचो, दे इकडे. दोन मिनिटांत काम करून फोन परत. असं दहा वर्षं चाललं. एकदा तिनं विचारलं, ‘तू काय दाबलंस, मला दाखव ना.’ मी म्हणालो, ‘तुला नाही कळायचं.’ हे मी रागानं म्हणालो नव्हतो, प्रेमानंच म्हणालो होतो. आपण सगळेच म्हणतो.

मग एका नोव्हेंबरात तिला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. पीएफची पेन्शन, महिन्याला हजार रुपये. मी पुण्यात अडकलेलो. ती एकटी सेवा केंद्रावर गेली. अंगठा उमटेना. पानं आणि तंबाखू हाताळून विडी कामगारांच्या बोटांच्या रेषा झिजतात, हे या शहरात कुणाला सांगायला नको. जिवंत बाई समोर उभी आणि मशीन म्हणतंय ओळख पटत नाही. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी तिथल्या माणसानं स्क्रीन स्वतःकडे फिरवली, काहीतरी टाईप केलं, शंभर रुपये घेतले आणि ‘झालं’ म्हणाला. झालं नव्हतं. जानेवारीपासून पेन्शन थांबली, आणि ते आम्हाला मार्चमध्ये कळलं. पैसे आले की नाही हे सांगणारे मेसेज तिच्याच फोनवर येत होते, पण ते तिला वाचता येत नव्हते. मी मनात त्या माणसाला शिव्या घातल्या. दोन दिवसांनी लक्षात आलं की स्क्रीन स्वतःकडे फिरवायचं काम मी त्याच्या आधी दहा वर्षं करत होतो.

यातून आमचा रविवारचा वर्ग निघाला. एका मित्राच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली आणि कंपनीनं मोडीत काढलेले पाच लॅपटॉप. वेळ जोहरच्या नमाजनंतरची, कारण सकाळी पाणी भरणं, स्वयंपाक आणि विड्यांची खेप. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची काढली, त्याचं कारण मला इथे समजलं. वेळ चुकली की शाळाच चुकते.

पहिल्या रविवारी नऊ जण आले : सात बाया, दोन चाचा. मी फळ्यावर चित्र काढलं. हा मॉनिटर, हा सीपीयू, हा कीबोर्ड. मला असंच शिकवलं होतं, म्हणून मीही तसंच शिकवलं. तिसऱ्या रविवारी दोघीच आल्या, त्यातली एक माझी अम्मी.

तेव्हा मी घरोघर जाऊन विचारलं, तुम्हाला नेमकं काय यायला हवंय? सीपीयू कुणालाच नको होता. एकीला हैदराबादला दिलेल्या मुलीला स्वतः व्हिडिओ कॉल लावायचा होता. नातवाच्या हातापाया न पडता, हे तिचे शब्द. एकीला शाळेच्या ग्रुपवर आलेला मेसेज फीचा आहे की सुट्टीचा, एवढंच ओळखायचं होतं. यंत्रमागावर आयुष्य काढलेले एक चाचा म्हणाले, खात्यात किती आहेत ते बघता यावं, बस. आणि एक खाला म्हणाल्या, ‘केंद्रावरचा पोरगा काय लिहितो ते मला दिसलं पाहिजे.’

मग अभ्यासक्रम आम्ही उलटा केला. सुरुवात आकड्यांपासून. शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडे सगळ्यांना येत होते, अगदी अंगठा लावणाऱ्यांनाही, कारण ते फोनवर असतात, नोटेवर असतात, रिक्षावर असतात. म्हणून पहिला धडा कॅल्क्युलेटर. हजाराचा दर, त्यातून छाट वजा, आठवड्याची मजुरी. तोंडी हिशोब त्या माझ्यापेक्षा लवकर करायच्या. फक्त मशीनही तेच उत्तर देतं हे बघून चेहरे बदलायचे. जणू मशीनच परीक्षेत पास झालं!

माऊसनं मात्र रडवलं. जे हात न बघता विडी वळून दोरा बांधतात, त्यांना डबल-क्लिक जमेना. आधी मला नवल वाटलं, नंतर कारण कळलं. विडी वळताना हात आणि नजर एकाच जागी असतात. माऊस टेबलावर सरकतो आणि बाण दुसरीकडे, पडद्यावर हलतो. हे दोन जोडणं आपण लहानपणी कधीतरी शिकलो आणि शिकलो हे विसरलो. विंडोजमध्ये १९९० पासून पत्त्यांचा सॉलिटेअर असायचा, माऊसचा हात बसायला तो उत्तम. मी मोठ्या उत्साहानं तो उघडला. चाचा उठूनच उभे राहिले. ‘पत्ते? तौबा, बेटा!’ मग पेंट उघडलं. त्यात एकीनं मेंदीची वेल काढायला घेतली, आणि पुढचे दोन रविवार खोलीत कुणी कुणाशी बोललं नाही. माऊस त्यांना मी शिकवला नाही, मेंदीनं शिकवला.

आता वाचण्याबद्दल. आपण पटकन म्हणतो, ‘ती अनपढ आहे.’ त्या खाला स्वतःबद्दल हेच सांगायच्या. आणि त्याच खाला चाळीस वर्षं रोज फजरनंतर कुरआन वाचतात. म्हणजे अक्षर ओळखतात, जोडाक्षर ओळखतात, ओळीवर नजर ठेवतात. फक्त ती लिपी बँकेत चालत नाही, म्हणून आपण त्यांना शून्यात काढतो, आणि त्याही स्वतःला तिथेच ठेवतात. मी त्यांच्या फोनवर उर्दू कीबोर्ड चालू केला. पे, टे, डे, गाफ अशी अरबीत नसलेली अक्षरं दाखवली. जबर-जेर नसलेली उर्दू वाचायला त्यांना जड जातं, पण टाईप करायला अडचण आली नाही. अर्ध्या तासात त्यांनी स्वतःचं नाव टाईप केलं आणि मुलीला पाठवलं. मुलीचा लगेच फोन आला, ‘अम्मी, ये कौन लिख्या?’

मराठी आणि इंग्रजीला वेगळी वाट काढली. सगळी बाराखडी शिकवत बसलो असतो तर दोन वर्षं गेली असती. एफ. सी. कोहलींच्या पुढाकारानं टीसीएसनं २००० साली प्रौढांसाठी एक कार्यक्रम सुरू केला होता, त्यात अक्षरापासून नाही, पूर्ण शब्दापासून वाचन शिकवत. शब्द चित्रासारखा ओळखायचा. आम्ही तेच इंग्रजीतल्या आठ-दहा शब्दांना लावलं : ओके, कॅन्सल, बॅक, सबमिट, ओटीपी. सगळ्यात अवघड जोडी क्रेडिटेड आणि डेबिटेड. दोन्हींची शेपटी सारखीच. त्यावर तोडगा एका भाभींनी काढला. म्हणाल्या, पहिलं अक्षर चाँदसारखं असेल तर पैसे आले, पोट पुढे आलेलं असेल तर कुणीतरी पैसे खाल्ले. इंग्रजी सी आणि डी यांचं यापेक्षा चांगलं वर्णन मी ऐकलेलं नाही. आता मेसेज आला की खोलीत आवाज येतो, ‘चाँद दिख्या!’

चष्म्याचं सांगायचं राहिलं. ते चाचा दर वेळी म्हणायचे, चष्मा घरी राहिला. मला वाटलं विसराळू आहेत. खूप उशिरा समजलं की त्यांना वाचताच येत नाही, आणि चार लोकांत ते लपवायला चष्मा हे त्यांचं आयुष्यभराचं उत्तर होतं. तेव्हापासून वर्गात कुणालाही मोठ्यानं वाचायला सांगायचं नाही, असं ठरलं. गंमत म्हणजे तिघींना खरोखरच जवळचं दिसत नव्हतं. चाळिशीनंतर ते होतंच. मी बिचाऱ्यांना अक्षर कळत नाही असं समजत होतो.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाही.

वर्गात फसवणुकीबद्दल बोलताना मी भराभर नियम सांगितले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. सगळं बरोबर होतं. पण शेवटी मी विनोद केला, ‘असल्या लिंकवर मूर्खच क्लिक करतात.’ सगळे हसले. त्यात एक आपाही हसल्या. महिन्याभरानं त्यांना व्हॉट्सॲपवर लाडकी बहीण योजनेच्या नावानं एक लिंक आली. केवायसी केलं नाही तर दीड हजार बंद होतील, असं त्यात होतं. त्यांनी लिंक उघडली, विचारलं ते भरलं, आणि खात्यातले साडेचार हजार गेले. लगेच १९३० वर फोन केला असता तर पैसे पुढे जाण्याआधी रोखले जायची काही शक्यता असते. त्यांनी दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मला नाही. १९३० हा नंबर त्यांना पाठ होता, मीच पाठ करून घेतला होता. पण सांगितलं असतं तर त्या माझ्या मूर्खांच्या यादीत गेल्या असत्या. मला त्यांच्या जावेकडून कळलं तेव्हा तिसरा दिवस होता. तक्रार केली. पैसे मिळाले नाहीत.

मी त्यांच्या घरी गेलो. त्या विड्याच वळत होत्या, मान वर केली नाही. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘तुझं काय चुकलं बेटा, मेरेकूच अक्कल नै.’ साडेचार हजार म्हणजे किती हजार विड्या होतात, हे त्या खोलीत बसून मी मोजलं. त्या वर्गात परत आल्या नाहीत. माझ्या बहिणीशी बोलतात, माझ्याशी सलामापुरतं.

म्हणून आता आमच्याकडे शिकवायला येणाऱ्याला मी आधी काही शब्दांची बंदी घालतो. ‘सोपं आहे’ म्हणायचं नाही. सोपं असून जमलं नाही तर माणूस स्वतःलाच दोष देतो. ‘मूर्ख’ तर नाहीच. आणि ‘दे इकडे’ नाही. शिकवणाऱ्यानं शेजारी बसायचं किंवा हात मागे बांधून उभं राहायचं. आपल्या पोरांना हे फार जड जातं, हात आपोआप पुढे येतो. माझाही येतो.

बायांचा एक गट आता माझी धाकटी बहीण घेते. काहींना पुरुषासमोर कॅमेऱ्यात चेहरा दाखवायचा नव्हता, म्हणून ते सुरू झालं. ती माझ्यापेक्षा चांगली शिकवते, कारण तिला घाई नसते. घरात एकच फोन आणि तो मुलाच्या हातात, हे दुखणं मात्र तिलाही सोडवता आलेलं नाही. तीन जणी त्यामुळेच गळाल्या. सरकारनं २०१७ मध्ये डिजिटल साक्षरतेचा वीस तासांचा मोठा कार्यक्रम काढला होता, पण तो खेड्यांसाठी होता. शहरातली आपली वस्ती त्यात बसत नव्हती. आणि वीस तासांत आमचा तर माऊसही झाला नसता.

गेल्या नोव्हेंबरात अम्मीनं हयातीचा दाखला घरी बसून दिला. अंगठ्याऐवजी चेहरा ओळखणारी सोय आता आहे. जीवन प्रमाणचं ॲप, फोनचा कॅमेरा, डोळ्यांची उघडझाप. पहिल्यांदा उजेड कमी पडला, दुसऱ्यांदा तिनं डोळे गच्च मिटून घेतले, तिसऱ्यांदा झालं. पाऊण तास लागला. मी दोन मिनिटांत केलं असतं. मी मागे उभा होतो, हात बांधून, आणि खरं सांगतो, तो पाऊण तास मला फार कठीण गेला. नंतर चाँदवाला मेसेज आला तेव्हा तिनं तो मला दाखवलाच नाही. मीच विचारलं तर म्हणाली, ‘आला की, परवाच.’

आम्हाला चार माणसं हवी आहेत, त्यातल्या दोन मुली असल्या तर बरं. येत्या रविवारी, जोहरनंतर, तीन तास. लॅपटॉप आणू नका, आहेत. जमलं तर वाचायचे स्वस्तातले चष्मे आणा, दीड आणि दोन नंबरचे. तेच आमच्याकडे नेहमी कमी पडतात.