आपलं गाणं, आपल्या नावानं

मी डाळजहून बोलतेय. भजनी मंडळात पेटी वाजवते, एवढीच माझी ओळख. आज गाण्याबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करते.

मागच्या श्रावणात पंचमीच्या फेरासाठी मी एक गाणं बांधलं होतं. दिवसभर उसात राबून आलेल्या बाईच्या हातावर रात्री मेंदी कशी रंगते, असा विषय. चाल थोडी ओवीची, थोडी लेकीच्या मोबाईलवर ऐकलेल्या गाण्याची. बायकांनी ते उचलून धरलं. दोन महिन्यांनी एका कार्यक्रमाला गेले, तर तेच गाणं मोठ्या स्पीकरवर कुणीतरी म्हणत होतं. आधी निवेदकानं सांगितलं, "आता ऐकू या एक पारंपरिक गीत." शेजारणीनं मला कोपर मारलं. मी हसले, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. लेक म्हणाली, "आई, तू ते कुठं लिहून ठेवलं होतंस का? रेकॉर्ड केलं होतंस का?" मी दोन्ही केलं नव्हतं.

म्हणून आज एका अशा माणसाची गोष्ट सांगते, ज्यानं आपलं गाणं स्वतः लिहिलं, स्वतः वाजवलं, स्वतः रेकॉर्ड केलं आणि स्वतःच दुकानात नेऊन दिलं. त्यांचं नाव रेमो फर्नांडिस. तुम्ही म्हणाल, हे कोण? १९९५ च्या 'बॉम्बे' सिनेमातलं 'हम्मा हम्मा' आठवतंय? हिंदीत तो आवाज त्यांचा. १९९८ च्या 'प्यार तो होना ही था' या सिनेमाच्या नावाच्या गाण्यातही जसपिंदर नरुला यांच्यासोबत तेच आहेत. पण मला त्या सिनेमांच्या आधीचं सांगायचं आहे.

रेमोंचा जन्म १९५३ चा. गोव्यात म्हापशाजवळ शापोरा नदीच्या काठी शिवोली गाव आहे, तिथलं त्यांचं घराणं. गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. म्हणजे कानावर काय काय पडलं असेल बघा. घरात कोंकणी आणि पोर्तुगीज, चर्चमधलं संगीत, लग्नात मांडो आणि दुलपद, रेडिओवर हिंदी गाणी आणि परदेशातून आलेलं रॉक. पुढं मुंबईला जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्र शिकले. पदवी हातात होती, घरांचे नकाशे काढत सुखानं जगता आलं असतं. पण मन गिटारीत आणि बासरीत. काही वर्षं युरोप आणि उत्तर आफ्रिकेत फिरले, तिथल्या वादकांबरोबर वाजवलं आणि परत गोव्याला आले.

आता खरी अडचण सुरू झाली. त्यांची गाणी इंग्रजीत, पण विषय गोव्याचे. ना धड सिनेमाचं गाणं, ना विलायती, ना लोकगीत. मुंबईच्या कॅसेट कंपन्यांना ते नको होतं. असा नकार आला की आपण काय करतो? वही ट्रंकेत ठेवून देतो. रेमोंनी शिवोलीच्या घरातच रेकॉर्डिंग सुरू केलं.

त्यांच्याकडे चार ट्रॅकचं कॅसेट रेकॉर्डर होतं. त्याचं काम कसं चालतं ते सांगते, कारण गंमत त्यातच आहे. साध्या कॅसेटवर एकदा आवाज भरला की भरला. या यंत्रात एकाच फितीवर चार वेगळ्या पट्ट्या असतात. पहिल्या पट्टीवर ताल भरायचा. तो कानाला लावून ऐकत दुसरीवर गिटार, तिसरीवर बासरी, चौथीवर गळा. आपण गोधडी शिवताना थरावर थर घालून टाके मारतो ना, तसंच. म्हणजे माणूस एकटा असला तरी ऐकणाऱ्याला अख्खा वाद्यवृंद ऐकू येतो. सगळी वाद्यं त्यांनीच वाजवली, सगळे आवाज त्यांचेच, आणि कॅसेटच्या वेष्टनावरचं चित्रही त्यांनीच केलं. १९८४ साली 'गोअन क्रेझी' ही कॅसेट तयार झाली.

पण कॅसेट विकायची कुणी? रेमोंनी आपल्या पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी घातल्या आणि गोव्यातल्या दुकानादुकानात नेऊन दिल्या. आपल्या बचत गटातल्या बाया पापड-कुरडयांच्या पिशव्या घेऊन एस.टी.नं भिगवणच्या बाजाराला जातात, त्यात आणि यात मला फारसा फरक दिसत नाही. माल आपला, पिशवी आपली आणि दुकानदाराशी बोलायची हिंमतही आपलीच.

पुढच्याच वर्षी त्यांनी 'ओल्ड गोअन गोल्ड' काढली. त्यात गोव्याची जुनी गाणी नव्या साजात होती. १९८६ ला 'पॅक दॅट स्मॅक' आली, तिच्यात तरुण पोरांना नासवणाऱ्या नशेच्या पदार्थांविरुद्ध गाणं होतं. १९८७ ला 'बॉम्बे सिटी' आली. मधल्या काळात श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' सिनेमात गोव्याच्या संगीतासाठी त्यांना बोलावलं गेलं आणि 'जलवा' सिनेमातलं गाणं देशभर वाजलं. मग मोठ्या कंपन्या आपणहून आल्या. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

एवढी मिसळण कशाला, असं कुणी विचारेल. आपल्याकडे अशा गोष्टीला लगेच धेडगुजरी म्हणून नाव ठेवतात. माझ्या गाण्यालाही एक आजी म्हणाल्या होत्या, "ही कसली गं ओवी?" पण मैत्रिणींनो, मी वाजवते ती पेटी युरोपातून आली. आज तिच्याशिवाय आमचं भजन सुरू होत नाही. गोव्याचा मांडो तरी काय आहे? शब्द कोंकणी आणि सुरांची मांडणी पाश्चात्त्य. रेमोंनी मुद्दाम काही मिसळलं असं मला वाटत नाही. लहानपणापासून कानावर जे पडलं, ते सगळं त्यांनी गाण्यात येऊ दिलं. आपल्या कानावरही ओवी, भारूड, लावणी, सिनेमाची गाणी आणि हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न एकत्रच पडतात की!

आता एक खरं बोलते. रेमोंची गोष्ट ऐकून "तूही कर" म्हणणं सोपं आहे. त्यांच्याकडे शिक्षण होतं, यंत्र होतं, आणि बसून काम करायला स्वतःचं घर होतं. पुरुष असल्यानं रात्री बारापर्यंत गिटार वाजवली तरी "भाकरी कधी टाकणार?" असं कुणी विचारलं नसेल. आपल्या बायकांना गाणं येत नव्हतं असं कधीच नव्हतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. विचार करा, एक लाख! त्या आज 'पारी'च्या संग्रहात गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट ऐकायला मिळतात. ज्या ओव्यांपर्यंत कुणी पोचलंच नाही, त्या जात्याबरोबर गेल्या. बहिणाबाई चौधरींची गाणी आपल्याला मिळाली, कारण त्यांचा मुलगा सोपानदेव घरात होता आणि ती उतरवून घेतली गेली. त्या १९५१ साली गेल्या, आणि पुस्तक १९५२ साली आलं. माझ्या सासूबाई उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या रानावर ओव्या म्हणायच्या. मला आज त्यातलं पहिलं कडवंही धड आठवत नाही. उतरवून घ्यायला घरात मीच होते, आणि मी घेतलं नाही.

मात्र शिवोलीच्या घरात जे यंत्र होतं, त्याहून मोठं यंत्र आज आपल्या कमरेच्या पिशवीत आहे. मोबाईलवर आवाज भरता येतो, थरावर थर चढवता येतात. कडुबाई खरात एकतारी घेऊन भीमगीतं गातात, त्यांना घराघरात पोचवलं ते मोबाईलवरच्या व्हिडिओंनीच.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. गाणं रचलं की त्याच क्षणी हक्क रचणाऱ्याचा होतो. नोंदणी केली तर पुराव्याला बरी, पण सक्तीची नाही. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा. शब्दांचा आणि चालीचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत राहतो आणि त्यानंतर ६० वर्षं वारसांकडे. २०१२ साली त्यात दुरुस्ती झाली. कंपनीनं तुमचं गाणं घेतलं तरी पुढच्या कमाईतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा काढून घेता येत नाही. म्हणून कुणी कोऱ्या कागदावर सही मागितली, तर आधी घरी आणून वाचून घ्या.

मी आता काय करते ते सांगते. नवं गाणं सुचलं की वहीत लिहिते, खाली तारीख घालते. मग मोबाईलवर म्हणते, आणि म्हणण्याआधी नाव, गाव, दिवस बोलते. पहिल्या वेळी स्वतःचं नाव उच्चारताना माझा आवाज कापला होता. लग्नात उखाणा घेताना नवऱ्याचं नाव घेतलं, पण आपलं नाव असं मोठ्यानं कधी घेतलंच नव्हतं ना!

तुमच्या घरात आई असेल, सासूबाई असतील, तर आज रात्री भांडी झाल्यावर त्यांच्याजवळ बसा. एक ओवी म्हणायला सांगा. पण आधी त्यांना त्यांचं नाव सांगायला लावा, मग ओवी. आणि पंचमीचं माझं ते गाणं कुठं ऐकलंत, तर शेजारणीला सांगा, हे पारंपरिक नाही, हे डाळजच्या पेटीवालीचं आहे.