दोषप्रवाहाचा बंदोबस्त



कृष्णा आणि कोयना जेथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या कराड नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. ज्या कोयनेच्या पाण्यावर १९६२ साली पोफळीच्या भूमिगत विद्युत्‌गृहातील जनित्रे प्रथम फिरली, तिच्या काठी उपकेंद्रांच्या विश्वासार्हतेचा विचार व्हावा, हे औचित्याला धरूनच आहे. संगमाकाठच्या माणसाला हेही ठाऊक असते की, दोन नद्या एकत्र आल्या म्हणजे पाण्याची ददात मिटते, पण पुराची धास्तीही वाढते. आपल्या विद्युत्‌जालाची कथा याहून फारशी निराळी नाही: स्रोत एकत्र जोडले की पुरवठ्याची शाश्वती वाढते, पण शॉर्ट सर्किटच्या वेळी धावणारा दोषप्रवाहही फुगतो.

उदाहरणादाखल, ३३ के.व्ही.च्या बसबारवर वीज देणारी, प्रत्येकी १०० एम.व्ही.ए. क्षमतेची आणि १० टक्के इम्पीडन्सची दोन रोहित्रे घ्या. मागील जाळ्याचा अवरोध हिशेबात न धरल्यास शॉर्ट सर्किटच्या वेळी एका रोहित्रातून सुमारे साडेसतरा हजार, आणि दोन्ही समांतर जोडल्यास पस्तीस हजार अँपिअर प्रवाह धावेल. तेथील ब्रेकर मात्र पंचवीस हजारांचाच असेल, तर तो हा प्रवाह तोडण्यास असमर्थ ठरेल. म्हणून बसबारचे दोन भाग जोडणारा बसकपलर उघडा ठेवण्याची वहिवाट पडते, आणि एक रोहित्र बंद पडताच, शेजारी दुसरे सुस्थितीत हजर असूनही, कपलर जोडला जाईपर्यंत अर्धा गाव अंधारात राहतो. सुरक्षिततेसाठी केलेली तजवीजच अशी अखंडतेच्या आड येते.

हा पेच सोडविण्यासाठीच दोषप्रवाह मर्यादकाची योजना आहे. साधी सीरिज रिॲक्टरची गुंडाळी हे काम करते खरे, परंतु ती सदासर्वकाळ व्होल्टेजचा काही अंश गिळत राहते. स्फोटक काडतुसाचा मर्यादक निमिषार्धात मार्ग तोडतो, परंतु प्रत्येक प्रसंगानंतर काडतूस बदलावे लागते. अतिसंवाहक मर्यादक, द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांच्या थंडाव्यात, नेहमीच्या प्रवाहाला जवळजवळ मुक्तद्वार ठेवतो आणि प्रवाह मर्यादेबाहेर जाताच, पहिल्या दहा मिलिसेकंदांच्या आत, स्वतःच अवरोध बनतो. स्वित्झर्लंडमधील लोंच येथील जलविद्युत्‌ केंद्रात १९९६ साली असा मर्यादक बसविला गेला. जर्मनीतील एसेन शहरात २०१४ साली अतिसंवाहक केबलच्या जोडीला तो ठेवण्यात आला. प्रवाहाचा यांत्रिक आघात त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, प्रवाह निम्म्यावर आणला की रोहित्राच्या वेटोळ्यांवरील ताण चतुर्थांशावर येतो, हा लाभ थोडाथोडका नव्हे.

तथापि यंत्र विकत घेतले म्हणजे विश्वासार्हता पदरात पडली, असे मानणारा मी नाही. मर्यादकाने प्रवाह दबवला की जुन्या सेटिंगचा रिले दोष ओळखण्यास चुकू शकतो; शीतकरणाची देखभाल कोणी करावयाची, हेही अगोदर मुक्रर व्हावे लागते. म्हणून ज्या उपकेंद्राच्या दप्तरी दोषप्रवाहाची अद्ययावत नोंदच नाही, तेथे मर्यादकाची मागणी करणे हे मोजमाप न घेता अंगरखा शिवण्यासारखे होय.

तेव्हा प्रतिनिधींना माझी विनंती एवढीच की, प्रत्येकाने आपापल्या उपकेंद्राचा दोषप्रवाह आणि ब्रेकरची क्षमता शेजारी शेजारी मांडून, रिलेच्या सेटिंगची फेरतपासणी करून, मगच मर्यादकाची जागा ठरवावी, आणि तसा ठराव याच परिषदेत संमत व्हावा. अध्यक्षमहाराजांनी आता कामकाजाची सूत्रे हाती घ्यावीत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.