आधी गाडी उभी करा

मावळ्यांच्या वेशातल्या, मिशा पुसट झालेल्या पोरांनो,

मला जे पत्र आलं त्यात विषय दिला होता, ‘रेल्वेतील करिअरच्या संधी’. मी मुद्दे काढून आणलेत. हा बघा कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलाय. पण मघाशी गेटातून आत आलो, डावीकडं वळलो आणि आमच्या आठवी ‘ब’ची खिडकी दिसली. कागद खिशात ठेवतो. शेवटी वेळ उरला तर बघू.

त्या खिडकीतून रूळ दिसायचे. आता मध्ये इमारत आलीय. वर पत्रा होता. इगतपुरीचा पाऊस त्या पत्र्यावर कोसळायला लागला की शिकवणं बंद, कारण फळ्याजवळच्या बाई काय बोलतात ते पहिल्या बाकावरसुद्धा ऐकू यायचं नाही. आणि पाऊस नसेल तेव्हा इंजिनं. तुम्ही आता लोको म्हणता. तेव्हा घाटात जे जुनं हिरवं इंजिन चालायचं त्याला आम्ही खेकडा म्हणायचो. उभं असलं की कण्हल्यासारखा आवाज करायचं. परीक्षेच्या वेळी ते बाहेर कण्हायचं आणि आम्ही आत.

मधल्या सुट्टीनंतर वर्ग काही केल्या गप्प बसायचा नाही. तेव्हा भूगोलाच्या बाई एक गोष्ट करायच्या. टेबलावर डस्टर आपटायच्या नाहीत. म्हणायच्या, “डोळे मिटा. किती आवाज ऐकू येतात, मोजा. दोन मिनिटांनी विचारीन.” साठ पोरं डोळे मिटून बसायची. कावळा, नळ, शिपाईमामांच्या चपला, शेजारच्या वर्गातले पाढे. मला एकदा चौदा सापडले. तेरावा माझ्याच पोटातला होता, डबा विसरलो होतो. आणि चौदावा... चौदाव्या आवाजाला मी बाईंना काय नाव सांगणार? घरी वडील आदल्या रात्री जे बोलले होते, ते डोक्यात पुन्हा पुन्हा वाजत होतं. तो मी मोजला. बाईंनी विचारलं तेव्हा सांगितलं मात्र तेराच.

मी नंतर आयुष्यात जे काही शिकलो त्याचा पहिला धडा हाच, असं मी ठिकठिकाणी सांगत आलोय. बाई आज इथं पहिल्या रांगेत बसल्यात. मघाशी चहाच्या वेळी त्यांच्या पाया पडलो आणि हे सगळं भरल्या गळ्यानं सांगितलं. तर बाई म्हणाल्या, “अरे, माझा घसा बसायचा म्हणून करायचे मी ते.” असू दे. बाई, तुमचा घसा बसला म्हणून माझी गाडी रुळावर राहिली.

मी 1976 साली दहावी झालो. त्याच वर्षी पलीकडच्या टेकडीवर धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सुरू झालं. आम्हाला तेव्हा ते काय आहे काही कळायचं नाही. एवढंच दिसायचं, की पाठीवर गाठोडी घेतलेले गोरे लोक स्टेशनवर उतरतात, टांग्यानं किंवा पायी वर जातात आणि दहा-अकरा दिवसांनी खाली येतात ते फार हळू चालत. आम्ही त्यांच्या चालण्याची नक्कल करायचो. नक्कल करणाऱ्यांतला एक जण आज या संस्थेचा विश्वस्त आहे आणि माझ्याकडं डोळे वटारून बघतोय. घाबरू नकोस, गणिताच्या पेपरचं सांगणार नाही.

तिथले आचार्य गोएंकाजी. मूळचे व्यापारी, जन्म 1924 चा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. डोकेदुखीनं हैराण झाले होते, म्हणून सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं गेले. हे ऊ बा खिन कोण? कुणी जंगलातले साधू नाहीत, ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल. हिशेब तपासणारा माणूस. मला हे फार आवडतं. ध्यान म्हणजे आपल्याकडं लगेच हिमालय, जटा, वाघाचं कातडं. इथं एक सरकारी अधिकारी ऑफिस सांभाळून लोकांना सांगतोय, की बाबांनो, तुमचा आतला जमाखर्च तुम्हीच बघा. 1969 साली गोएंकाजी भारतात आले आणि शिबिरं घेऊ लागले.

मी लहानपणी गेलो नाही. टेकडी घरातून दिसत होती, तरी मला वर जायला पन्नाशी जवळ यावी लागली.

आता मी जिथं ड्रायव्हर होतो त्या रेल्वेचं थोडं सांगतो, नाहीतर पत्र लिहिणाऱ्या सरांना वाईट वाटेल. कसारा ते इगतपुरी हा घाट सदतिसाला एक असा चढतो. म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलात की एक मीटर वर. ऐकायला काहीच नाही. पण रेल्वेला हा भयंकर चढ. म्हणून कसाऱ्याला मागून ढकलणारी इंजिनं लागतात, बँकर. ते सगळे बघतात, फोटो काढतात. चढणाऱ्या गाडीचं कौतुक सगळ्यांना. ड्रायव्हरला घाम फुटतो तो उतरताना.

उतरताना गाडीला इंजिनाची गरजच नसते, ती आपणहून पळते. म्हणून घाटात एक व्यवस्था आहे. उताराच्या वाटेवर पुढचा सांधा तुमच्यासाठी मुख्य लाइनीला लावून ठेवलेला नसतो. तो असतो कॅच साइडिंगला. ही एक वेगळीच लाइन, उलट चढावर जाणारी. ब्रेक धरले नाहीत, गाडी हाताबाहेर गेली, तर ती तिकडं शिरते आणि चढावर दमून थांबते. गाडी ताब्यात असेल तर? तरीही सिग्नलपाशी पूर्ण उभी करायची. हळू केली, सरकत सरकत गेली, असं चालत नाही. उभी. शिट्टी द्यायची. मग सांधा बदलतो, सिग्नल पडतो, मग निघायचं. थांबून दाखवल्याशिवाय पुढची वाट मिळत नाही.

पोरांनो, मला आज एवढंच सांगायचंय. आधी गाडी उभी करा. राग आला, आधी गाडी उभी करा. मित्रानं काहीतरी मेसेज टाकला आणि अंगठा शिवशिवतोय, आधी गाडी उभी करा. पालक हसताहेत. पालकांनो, निकालाच्या दिवशी गुणपत्रिका हातात आली की तुम्हीसुद्धा.

इंजिनात दुसरी एक सवय लावतात. सिग्नल दिसला की असिस्टंट मोठ्यानं म्हणणार, “दोन पिवळे.” ड्रायव्हरनं स्वतः बघून परत म्हणायचं, “दोन पिवळे.” नवीन असताना मला हसू यायचं. दोघांना दिसतंय, मग ओरडायचं कशाला? पण डोळा फार लबाड असतो. रोज जिथं हिरवा असतो, तिथं त्याला आजही हिरवाच दिसतो. तोंडानं नाव घ्यायचं म्हटलं की खरंच बघावं लागतं.

मी हे तीस-पस्तीस वर्षं केलं. बाहेरचा एक सिग्नल चुकवला नाही. आतले किती लाल ओलांडले, ते माझ्या बायकोला विचारा. तिसऱ्या रांगेत बसलीय. नको, विचारू नका.

मग एका रात्री माझ्या गाडीखाली माणूस आला. याबद्दल मी इथं जास्त बोलणार नाही. ब्रेक लावला होता, गाडी थांबायला अंतर लागतं, चूक कुणाचीच नव्हती. पण झोप गेली. डॉक्टरांकडं गेलो, औषध घेतलं, त्याचा उपयोग झाला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ध्यान करा म्हणजे डॉक्टर नको असं सांगणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका. काही महिन्यांनी मी रजा टाकून त्या टेकडीवर गेलो. स्टेशनवरून हळू चालत.

शिबिर दहा दिवसांचं, दहाव्या दिवसापर्यंत बोलायचं नाही. मोबाइल जमा. पहाटे चारला घंटा. आयुष्यभर कॉलबॉयनं अपरात्री उठवलेला माणूस मी, चारचं मला काय कौतुक! पहिले तीन दिवस काम एकच, श्वास येतो-जातो तेवढं बघायचं. वाटलं, लक्ष ठेवणं हा तर आपला धंदा. पहिल्या दिवशी सलग दहा श्वास बघता आले नाहीत. भावाबरोबरचा बांधाचा वाद, सोसायटीचं कर्ज, आज जेवणात काय असेल, एका जुन्या गाण्याची अर्धी ओळ. इतकी वर्षं मला वाटायचं मी विचार करतो. तिथं दिसलं, की विचार येतात आणि मला घेऊन जातात. मी ड्रायव्हर नव्हतोच, विनातिकीट प्रवासी होतो.

पुढं तासभर न हलता बसायची वेळ आली. गुडघा पेटला. आणि एक गमतीची गोष्ट दिसली. ‘दुखतंय’ हे एक. ‘आता हा पाय कायमचा गेला, मेडिकलमध्ये मला अनफिट करणार, पोरीचं शिक्षण अर्धवट राहणार’ हे दुसरं. पहिलं गुडघ्यात होतं. दुसरं सगळं मी जोडलेले डबे. मनात म्हटलं, “दुखणं.” नंतर म्हटलं, “भीती.” दोन पिवळे! तसं नाव घ्या असं तिथं कुणी शिकवलेलं नाही, तिथली पद्धत वेगळी, नुसतं तटस्थ राहून जाणायचं. ही माझी रेल्वेची खोड मी तिकडं नेली. गोएंकाजी असते तर रागावले असते बहुतेक.

ती अपघाताची रात्रही आली, सातव्या दिवशी. छाती आवळली, हात गार पडले. इतके महिने मी तिच्यापासून पळत होतो. त्या दिवशी उठून जायची सोय नव्हती, म्हणून बघितली. ती गेली असं सांगणार नाही. अजून येते. आली की मी ओळखतो, एवढंच.

परत आलो तेव्हा माझ्या पेटीत एक अर्ज लिहून ठेवलेला होता, की मला गाडीवरून काढा आणि शेडमध्ये बसून करायचं काम द्या. मन आतून सांगतंय, असं मी सगळ्यांना सांगत होतो. ‘आतला आवाज ऐका’ हे तुम्हीही पोस्टरवर वाचलं असेल. आत एक आवाज असता तर काय हवं होतं! आत एसटी स्टँड असतो, आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी गाडी आपल्या गावची असतेच असं नाही. मी महिनाभर नुसतं बघितलं. तो अर्जाचा विचार कधी येतो? रात्री दोन ते चार. दिवसा एकदाही नाही. घड्याळ बघून येणाऱ्या विचाराला मी माझा निर्णय समजत होतो. ती न झालेली झोप होती. अर्ज फाडला. निवृत्त झालो तो गाडीवरूनच.

परत आल्यावर आणखी एक झालं. याच शाळेत मला वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस मिळालं होतं. धर्मानंद कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस बुद्ध शोधत घराबाहेर पडला, पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असं फिरला आणि पुढं फर्ग्युसनमध्ये पाली शिकवायला बसला. पस्तीस वर्षं ते पुस्तक माझ्याकडं कोरं पडून होतं. शिबिराहून आल्यावर पानं उघडली, तर पहिल्या पानावर शाळेचा शिक्का आणि त्या वेळच्या मुख्याध्यापकांची सही. पहिलं बक्षीस कंपासपेटी होती. तेव्हा मी रडलो होतो.

अध्यक्षांनी दुसऱ्यांदा घड्याळ बघितलं. मला दिसलं, सिग्नल बघणारे डोळे आहेत. संधींचा कागद मी सरांकडं देतो, फळ्यावर लावा, गणित पक्कं करा आणि डोळे सांभाळा. आता शेवटची दोन मिनिटं बाईंची. सगळ्यांनी डोळे मिटा. पालकांनी व्हिडिओ बंद करा. मोजा.

...

हं, उघडा. किती? नऊ? तू, दोन वेण्यावाली? अकरा, शाब्बास. सांग बरं. जनरेटर, कुत्रं, कुणाचं तरी खोकणं, माइकची खरखर, घुंगरू, पहिल्या रांगेतल्या साहेबांचा फोन. बरोबर, तो मलाही ऐकू आला. अजून कुणी? मावळे? मावळे झोपले वाटतं.

आणि गाडी? आत्ता बँकर लावलेली मालगाडी घाट चढून आली, दोनदा शिट्टी झाली. कुणीच मोजली नाही? एकानंही नाही?

बाई, तुम्ही? तुम्ही मोजलीत?