घरातल्या सगळ्यांचं ताट

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आजचा विषय आहे टीबी, म्हणजे क्षयरोग. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, साध्या टीबीला सहा महिने घ्याव्या लागतात, मध्येच सोडायच्या नसतात, हे आशाताईंनी तुम्हाला सांगितलेलंच असेल. आम्हाला बोलायचंय ते जेवणाबद्दल. आजारी माणसाच्या आणि त्याच्या घरातल्या बाकीच्यांच्याही.

एक काळ असा होता की क्षय झाला म्हणजे माणसाला घरापासून लांब नेऊन ठेवायचे. मिरजेजवळ वानलेसवाडीला त्यासाठीच सॅनिटोरियम होतं. गरिबाला अशा ठिकाणी जागा मिळणं अवघड. मग १९५६ मध्ये मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईत, डॉक्टरांनी एक अभ्यास सुरू केला. गरीब वस्त्यांमधल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन भाग केले. एकांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्यांना घरी. औषधं सारखीच. वर्षभरानं पाहिलं तर घरी राहिलेले जवळजवळ तेवढेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना आजार जास्त लागला असंही दिसलं नाही. आज आपल्याला गावात राहून उपचार घेता येतात, त्याच्या मुळाशी हा अभ्यास आहे. पण सॅनिटोरियममधल्यांना जेवण चांगलं होतं, तरी फरक पडला नाही. त्यामुळे गोळ्या मिळाल्या की झालं, असाही समज पक्का झाला.

तो समज तपासून पाहायला पुढं साठ वर्षं गेली. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था यांनी २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत काम केलं. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून जास्त माणसं. प्रत्येक रुग्णाला महिन्याला दहा किलोचा शिधा दिला, त्यात तांदूळ, डाळ, दूध पावडर. रुग्ण कुठल्याही भागातला असो, उपाशी कुणालाच ठेवलं नाही. फरक केला तो घरच्यांमध्ये. निम्म्या भागात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, लहान मुलांना त्याच्या निम्मं. उरलेल्या भागात घरच्यांना वेगळं काही दिलं नाही.

ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथं नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे जिथं शंभर जण आजारी पडले असते, तिथं साधारण एकसष्ट पडले. थुंकीत जंतू सापडतात त्या, फुप्फुसाच्या टीबीत तर हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. रुग्णांचंही एक कळलं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. चाळीस किलोच्या बाईला पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो!

हे सगळं छापून आलं ऑगस्ट २०२३ मध्ये. त्याच महिन्याच्या अखेरीस आमच्या गावात उपोषण सुरू झालं आणि सगळी टीव्हीवाली मंडळी इथं येऊन थांबली. त्या गडबडीत झारखंडची डाळ आमच्या कानावर कुठून येणार!

बायांनो, आपल्या घरात कसं चालतं ते आठवा. मालकाला टीबी झाला की त्याला अंडं, त्याला दूध. ते बरोबरच आहे. मग लेकरं, मग सासू-सासरे, आणि शेवटी पातेल्याच्या तळाशी राहील ते आपलं. रात्रभर त्याच्या उशाशी बसणारी, त्याच्या खोकल्याची हवा सगळ्यात जास्त घेणारी बाई सगळ्यात कमी जेवते. आमच्या माहितीत एका घरात असंच झालं. नवरा बरा झाला आणि ती खोकायला लागली. माहेरी पाठवतील म्हणून तीन महिने बोलली नाही. तपासणी झाली तेव्हा वजन छत्तीस किलो.

आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा वाद झाला. गटाच्या पैशातून डाळ द्यायची तर रुग्णाला द्या, घरच्यांना कशाला, असं काही जणींचं म्हणणं. त्या अभ्यासाचा आणखी एक आकडा आम्ही सांगितला, की साधारण तीस घरांना शिधा दिला तेव्हा एक नवा रुग्ण टळला. त्यावर एक काकू म्हणाल्या, "तीस घरं जेवू घालायची अन् एकच वाचणार? महागात पडलं की!" प्रश्न रास्त आहे. पण उरलेल्या एकोणतीस घरांत गेलेली डाळ काही वाया जात नाही, पोटातच जाते. शेवटी ठरलं की रुग्णाच्या घरी बाईच्या आणि मुलांच्या नावानं तूरडाळ, शेंगदाणे आणि फुटाणे द्यायचे. तांदूळ कशाला, ज्वारी आपल्याकडे आहेच. सरकारच्या निक्षय मित्र योजनेतही असा शिधा देता येतो. रुग्णाला निक्षय पोषणचे महिन्याला एक हजार रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी पाचशे होते. ते जमा होतात का, हे पासबुक भरून बघा.

थोडं औषधांचंही सांगतो. गोळ्यांनी लघवी लालसर होते, घाबरू नका. त्यातल्या एका औषधानं पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा असर कमी होतो, म्हणून डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय घ्या. आजार हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही, तेव्हा सुनेची भांडी वेगळी करू नका. घरच्यांनी तपासणी करून घ्यावी, त्यांच्यासाठी आजार टाळायच्या गोळ्याही असतात. ऊसतोडीला जाणार असाल तर आधी दवाखान्यात सांगा. निक्षय नंबर सोबत असला की उपचार दुसऱ्या जिल्ह्यातही पुढं चालू राहतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, अंग उतरणं, यातलं काही असेल तर थुंकी तपासा. विचारायचं असेल तर १८००-११-६६६६ हा फुकटचा नंबर आहे.

पुढच्या बैठकीला आम्ही अंगणवाडीतला वजनकाटा मागून आणणार आहोत. हप्ता भरायच्या आधी प्रत्येकीनं काट्यावर उभं राहायचं, आणि वजन हप्त्याशेजारीच वहीत लिहायचं.