जमिनीच्या चार बाजू

चाकणचा कांद्याचा बाजार आजही प्रसिद्ध आहे; परंतु ज्या रानांत तो कांदा पिके, त्यांतील पुष्कळ रान आतां कारखान्यांखालीं गेलें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आणि १९७२ सालीं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. त्यानंतर या पट्ट्यांत घरासाठीं जागा शोधणाऱ्याच्या तोंडीं एकराऐवजीं गुंठ्याची भाषा आली.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व तितकाच रुंद असा तुकडा; क्षेत्रफळ १०८९ चौरस फूट. अशा चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो. हिशेब सोपा, आणि फसगत होते ती येथेंच. जन्माची पुंजी घालून जागा घेणारा कामगार तिच्याभोंवतीं दोरी फिरवून पाहतो. ती १३२ फूट भरली कीं गुंठा पुरा झाला, असें त्याला वाटतें. परंतु ४४ फूट लांब व २२ फूट रुंद जागेचाही घेर १३२ फूटच भरतो. क्षेत्रफळ मात्र ९६८. आणि ५५ फूट लांब, ११ फूट रुंद अशी बोळासारखी पट्टी घेतली, तर घेर तोच राहून हातीं अवघे ६०५ चौरस फूट पडतात. कुंपणाचा खर्च तिन्ही ठिकाणीं सारखा! घेर बाजूंच्या बेरजेनें होतो, क्षेत्रफळ लांबी-रुंदीच्या गुणाकारानें; बेरीज कायम असतां लांबी व रुंदी जितक्या जवळजवळ, तितका गुणाकार मोठा. लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट केल्या, तर गुंठे दोन नव्हे, चार होतात.

याहून फसवी गोष्ट कोनाची. ओढ्यामुळें किंवा जुन्या बांधामुळें तुकडे तिरकस पडतात. चारी बाजू ३३ फूट भरल्या, पण समोरासमोरचे दोन कोपरे जवळ येऊन त्यांमधील अंतरही ३३ फूटच राहिलें, तर क्षेत्रफळ सुमारें ९४३ चौरस फूट उरतें. बारा फूट लांब-रुंद अशी एक आख्खी खोली गेली म्हणावयाची.

भास्कराचार्यानें इ. स. ११५० मध्यें रचलेल्या ‘लीलावती’ंत ही चूक करणाऱ्यांची चांगलीच हजेरी घेतली आहे. चार बाजू त्याच राहूनही कर्ण बदलतो आणि कर्णाबरोबर क्षेत्रफळही. म्हणून कर्ण किंवा लंब न सांगतां नुसत्या बाजूंवरून चौकोनाचें क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यानें पिशाच्च म्हटलें, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहूनही मोठें पिशाच्च! गणिताच्या ग्रंथांत इतका राग क्वचितच आढळतो.

गवंड्याला हें शास्त्र हातानें ठाऊक असतें. पाया आंखतांना तो समोरासमोरच्या बाजू सारख्या करतो, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्णांवर सूत धरतो. पुऱ्या चौरस गुंठ्याचा प्रत्येक कर्ण सुमारें ४६ फूट ८ इंच भरावयास हवा. एक कर्ण लांब व दुसरा आंखूड निघाला, तर खुंट्या उपटून पुन्हां ठोकल्या जातात. दोन्ही जुळल्यावांचून तो चुन्याची फक्की टाकीत नाहीं.